ऑलिंपियाचे मैदान आणि आपले मैदान

(शाळेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या समारोपप्रसंगी पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण. वक्ते बी. ए., बी. एड. असून शाळेत इतिहास शिकवतात.)



खेळांविषयी बोलायचे म्हटले की प्राचीन ग्रीकांचे नाव निघतेच. आणि ते निघाले की एक ठरावीक वाक्यही ऐकू येते : त्या काळचे लोक केवळ पानांच्या मुकुटासाठी खेळत, त्यांना पैशाचा मोह नव्हता, लबाडी ठाऊक नव्हती, आजच्या खेळांचा मात्र बाजार झाला आहे. वाक्य कानाला गोड लागते. पण इतिहासाच्या शिक्षकाने गोड वाक्यही तपासून घ्यावे. म्हणून आज मी आपल्यापुढे तीनच प्रश्न ठेवणार आहे. ग्रीक लोक कसे खेळत? त्यांना खेळून काय मिळे? आणि त्यांच्या मैदानात कोणाला प्रवेश होता व कोणाला नव्हता? या तिसऱ्या प्रश्नाशी आपला, म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येक आईबापाचा, जवळचा संबंध आहे असे मला वाटते.

ग्रीसच्या दक्षिण भागात पेलोपोनीज नावाचा द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिमेला ऑलिंपिया हे ठिकाण आहे. ते मोठे शहर नव्हते. ते झ्यूस या ग्रीक देवाचे क्षेत्र होते, आणि त्याच्या उत्सवात दर चार वर्षांनी या स्पर्धा होत. परंपरेने त्यांचा आरंभ इ. स. पूर्व ७७६ पासून मोजतात. त्या साली एकच शर्यत झाली आणि ती एलिस गावच्या कोरॉइबस नावाच्या धावपटूने जिंकली. तो आचारी होता असे सांगतात. शर्यतीचे अंतर होते सुमारे १९२ मीटर. या अंतराला ग्रीक लोक ‘स्टॅडिऑन’ म्हणत. आपला ‘स्टेडियम’ हा शब्द तिथूनच आला. पहिल्या तेरा ऑलिंपिकमध्ये या एका धावण्याखेरीज दुसरा खेळच नव्हता.

पुढे हळूहळू भर पडली. इ. स. पूर्व ७२४ मध्ये दुप्पट अंतराची शर्यत आली आणि त्यानंतर लांब पल्ल्याची. इ. स. पूर्व ७०८ मध्ये कुस्ती आणि पंचक्रीडा आली. धावणे, उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती या पाच खेळांत मिळून ज्याचा वरचष्मा, तो पंचक्रीडेचा विजेता. उडी मारताना खेळाडू दोन्ही हातांत दगडाची किंवा धातूची वजने घेऊन ती झोकाने पुढे नेत. इ. स. पूर्व ६८८ मध्ये मुष्टियुद्ध आणि ६८० मध्ये चार घोड्यांच्या रथांची शर्यत सुरू झाली. इ. स. पूर्व ६४८ मध्ये ‘पँक्रेशन’ नावाचा प्रकार आला. त्यात कुस्ती आणि ठोसेबाजी दोन्ही चाले. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच काय ते मना होते. मुष्टियुद्धात हाताला चामड्याच्या पट्ट्या गुंडाळत. मध्ये विश्रांतीच्या फेऱ्या नसत. एकाने बोट वर करून हार मानेपर्यंत किंवा तो कोसळेपर्यंत लढत चाले.

आपल्याकडच्या तालमीत वाढलेल्या माणसाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. अंगाला तेल चोळून उतरणे, मातीशी नाते, वस्तादांचा दरारा, हे सारे तिथेही होते. फरक एक होता, आणि तो मोठा. आपल्याकडे कुस्ती लावताना जोड पाहतात. ऑलिंपियात वजनाचे गट नव्हते. मुले आणि प्रौढ एवढीच विभागणी. क्रोटन गावचा मायलो हा कुस्तीत सहा वेळा ऑलिंपिक विजेता ठरला. लहान वासरू रोज खांद्यावर घेता घेता त्याचा बैल झाला तरी तो उचलत राहिला, अशी दंतकथा त्याच्याविषयी रूढ आहे. अशा मायलोपुढे चिठ्ठीत हलक्या अंगाच्या चपळ मुलाचे नाव निघाले, तर त्याने फक्त देवाचे नाव घ्यायचे.

दुसरी गोष्ट अशी की, ग्रीकांपाशी सेकंद मोजण्याचे घड्याळ नव्हते. किती सेकंदात धावला याची नोंद कुठेच नाही. नोंद होई ती एकाच गोष्टीची : पहिला कोण आला. ऑलिंपियात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाला काहीही मिळत नसे. पिंडार नावाच्या कवीने विजेत्यांवर पुष्कळ स्तुतिगीते लिहिली. त्याच पिंडारने हरलेल्या मुलांचेही वर्णन करून ठेवले आहे. ती मुले लोकांच्या नजरा चुकवीत आडवाटेने घरी परततात, आणि त्यांना पाहून आईच्या चेहऱ्यावरही हसू फुटत नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्या घरी प्रगतिपुस्तक येते त्या संध्याकाळची आठवण कोणाला झाली असेल, तर ती अस्थानी नाही.

केवळ पहिल्याचीच किंमत असेल तर माणूस कुठवर जातो? इ. स. पूर्व ५६४ मध्ये पँक्रेशनच्या लढतीत अरॅकिऑन नावाच्या मल्लाचा गळा प्रतिस्पर्ध्याने आवळला होता. त्याही अवस्थेत त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट मोडले. वेदनेने प्रतिस्पर्ध्याने हार मानली. पण तेवढ्यात अरॅकिऑनचा प्राण गेला होता. पंचांनी त्याच्या मृतदेहाला विजेता ठरवून मुकुट घातला! ग्रीक लोकांना ही कथा अभिमानाची वाटे. आपण मुलांचे आईबाप म्हणून ती ऐकली तर अंगावर काटा येतो.

आता दुसरा प्रश्न : मिळे काय? ऑलिंपियात मुकुट मिळे तो रानटी जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, फांदीचा. डेल्फीला लॉरेलच्या पानांचा, कॉरिंथजवळ पाइनचा, नेमियाला रानटी सेलरीचा. हे चार मोठे मेळे. त्या जागी मिळे ती फक्त पाने, हे खरे. पण घरी परतल्यावर काय? अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने ऑलिंपिक विजेत्याला पाचशे द्राख्मा देण्याचा नियम केला होता असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. ती रक्कम त्या काळी लहान नव्हती. अथेन्स आपल्या विजेत्यांना सरकारी भोजनगृहात आयुष्यभर जेवण देई. शहराशहरांतून भरणाऱ्या दुसऱ्या स्पर्धांत तर उघड उघड मोलाची बक्षिसे असत. अथेन्सच्या उत्सवात विजेत्याला जैतुनाच्या तेलाने भरलेले रांजण मिळत आणि ते तेल विकता येई.

आणि जिथे मोल आले तिथे मोहही आला. क्रोटनचा धावपटू ॲस्टिलॉस याने एकदा आपल्या गावासाठी शर्यत जिंकली आणि पुढच्या खेपांना सिराक्यूजच्या सत्ताधीशाला खूष करण्यासाठी आपण सिराक्यूजचे असे जाहीर केले. गावकरी इतके संतापले की त्यांनी त्याचा पुतळा पाडला आणि त्याच्या घराचा तुरुंग केला. आज खेळाडू संघ बदलतो तेव्हा आपण नाक मुरडतो. ही तक्रार अडीच हजार वर्षांची आहे.

‘नूरा कुस्ती’ हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. ती चीजही ग्रीकांना ठाऊक होती. इ. स. पूर्व ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस या मुष्टियोद्ध्याने आपल्या तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. चौघांनाही दंड झाला. त्या दंडातून झ्यूसचे सहा ब्राँझचे पुतळे घडवून ते स्टेडियमकडे जाणाऱ्या वाटेवर उभे करण्यात आले. पुढे इ. स. पूर्व ३३२ मध्ये अथेन्सच्या कॅलिपसने पंचक्रीडेत हाच उद्योग केला, तेव्हा आणखी सहा पुतळे झाले. मैदानावर उतरण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूला लबाडी करणार नाही आणि दहा महिने रीतसर तयारी केली आहे अशी शपथ घ्यावी लागे. पण शपथ घेऊनही हे घडे. पुतळे आज उरलेले नाहीत, त्यांचे दगडी चौथरे मात्र ऑलिंपियात पाहायला मिळतात. रोमन सम्राट नीरो इ. स. ६७ मध्ये रथातून खाली पडला, शर्यत पुरीही केली नाही, तरी पंचांनी त्यालाच विजयी ठरवले. सत्तेपुढे शहाणपण तिथेही चालले नाही.

तेव्हा १९८८ साली सोल येथे बेन जॉन्सन १०० मीटर जिंकला आणि उत्तेजक औषध घेतल्याचे सिद्ध होऊन तीन दिवसांत त्याचे सुवर्णपदक गेले, हे ऐकून ‘कलियुग आले’ म्हणण्याचे कारण नाही. माणूस तोच आहे. साधन बदलले, तेव्हा थैली होती, आता सुई आहे. मात्र एका गोष्टीत ग्रीकांचे कौतुक करावे लागेल. त्यांनी लबाडी झाकली नाही. खेळाडू मैदानाकडे जात असे ती वाटच या पुतळ्यांच्या रांगेवरून जाई, आणि कोणी काय केले व त्याची शिक्षा काय झाली हे तिथे कोरलेले असे.

आपण प्राचीन म्हणून मानतो अशा दोन गोष्टी प्रत्यक्षात नव्या आहेत, त्याही इथे सांगून टाकतो. ऑलिंपियाहून मशाल धावत नेण्याची प्रथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासूनची आहे. मॅरेथॉन ही शर्यत प्राचीन काळी कधीच नव्हती. ती १८९६ साली अथेन्सला प्रथम झाली आणि स्पायरिडॉन लुईस या ग्रीकानेच ती जिंकली. तिचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधले आहे. ‘ऑलिंपिकच्या वेळी सगळी युद्धे थांबत’ हेही पूर्ण खरे नाही. युद्धबंदीची घोषणा होई ती मुख्यतः यात्रेकरूंना आणि खेळाडूंना सुखरूप येता-जाता यावे म्हणून. इ. स. पूर्व ३६४ मध्ये तर खुद्द ऑलिंपियाच्या पवित्र आवारात, स्पर्धा चालू असताना, लढाई जुंपली. तरी आपणही फुशारकी मारू नये. युद्धापायी १९१६, १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक आपल्या आधुनिक जगाला भरवताच आली नाहीत.

आता तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न. आत कोण होते आणि बाहेर कोण? ऑलिंपियाच्या स्पर्धा स्वतंत्र ग्रीक पुरुषांसाठी होत्या. गुलामाला तिथे भाग घेता येत नसे. ग्रीक नसलेल्याला येत नसे. विवाहित स्त्रीला तर पाहायलाही बंदी होती. सापडली तर कड्यावरून लोटण्याची शिक्षा सांगितलेली होती. पॉसेनियस या प्रवाशाने इ. स. च्या दुसऱ्या शतकात एका आईची हकीगत नोंदवली आहे. कॅलिपटेरा तिचे नाव. नवरा वारलेला. मुलाला तिनेच स्पर्धेसाठी आणले आणि ती पुरुष वस्तादाच्या वेषात आत शिरली. मुलगा जिंकला तेव्हा आनंदाच्या भरात तिने कठड्यावरून उडी घेतली आणि वेष उघडा पडला. तिचे वडील, भाऊ आणि मुलगा सारेच ऑलिंपिक विजेते, म्हणून तिला क्षमा झाली. मुलाचे यश पाहण्यासाठी आईला जीव धोक्यात घालावा लागावा, अशी ती व्यवस्था!

मुलींसाठी काहीच नव्हते असेही नाही. ऑलिंपियातच हेरा देवीच्या नावाने कुमारिकांच्या धावण्याच्या शर्यती वेगळ्या होत. वयाप्रमाणे तीन गट असत आणि अंतर पुरुषांच्या शर्यतीपेक्षा एक षष्ठांश कमी असे. स्पार्टात मुलींना व्यायामाचे शिक्षण मिळे. तिथली राजकन्या किनिस्का हिचे रथ इ. स. पूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिंपियात जिंकले. रथाच्या शर्यतीत मुकुट हाकणाऱ्याला न मिळता घोड्यांच्या मालकाला मिळे, त्या वाटेने तिचे नाव विजेत्यांच्या यादीत आले.

इ. स. च्या चौथ्या शतकाच्या अखेरीस, सम्राट थिओडोसियसच्या काळात, या स्पर्धा बंद पडल्या असे मानले जाते. ऑलिंपिया भूकंपांनी पडले, नद्यांच्या गाळाखाली गेले. १८७५ पासून जर्मन संशोधकांनी ते उकरून काढले. १८९४ साली पॅरिसमध्ये बॅरन द कुबेर्तँ यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती स्थापन झाली आणि १८९६ मध्ये अथेन्सला नवे ऑलिंपिक भरले. त्यातही स्त्रिया नव्हत्याच. १९०० साली पॅरिसला त्या प्रथम आल्या. १९२८ मध्ये त्यांना ८०० मीटर धावू दिले आणि स्त्रियांना हे झेपत नाही असा गिल्ला करून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडले. त्याच १९८४ मध्ये लॉस एंजलिसला स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथमच झाली आणि ती मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किल हिने जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी समान जागा ठेवण्यात आल्या. ७७६ पासून मोजले तर दोन हजार आठशे वर्षे लागली!

मैदान आणखी दोन बाजूंनी रुंदावले. वजनाचे गट आले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला मान मिळाला. याचा अर्थ आपल्या महाराष्ट्राइतका कोणाला कळणार? १९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचीन ऑलिंपियात खाशाबा हलक्या अंगाचे म्हणून मायलोसारख्यापुढे उभे राहिले असते, आणि तिसरे आले म्हणून रिकाम्या हातांनी आडवाटेने परतले असते. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते असे सांगतात. शिक्षकी पेशातल्या माणसाला ही गोष्ट कोणत्याही मुकुटाहून मोठी वाटते. आणि १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. अपंग माणसासाठी ऑलिंपियाच्या मैदानात एक वीतभरही जागा नव्हती.

मग ग्रीकांकडून घ्यायचे काय? पालकांनो, घेण्यासारखे पुष्कळ आहे. ते ऑलिंपियापेक्षा त्यांच्या रोजच्या व्यायामशाळेत आहे. ग्रीक शहर म्हटले की तिथे ‘जिम्नॅझियम’ असायचेच. तिथे मुले धावत, कुस्ती खेळत आणि तिथेच सावलीत बसून गुरूचे बोलणे ऐकत. प्लेटोची अकॅडमी आणि ॲरिस्टॉटलचे लायसियम या दोन्ही शाळा अथेन्सच्या अशा व्यायामशाळांच्या आवारातच भरल्या. आज जर्मनीत माध्यमिक शाळेच्या एका प्रकाराला ‘जिम्नॅझियम’ हेच नाव आहे. शिक्षण आणि मैदान यांचे नाते असे रक्ताचे आहे.

आणखी एका ग्रीकाचे नाव घेतो. ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना हकिमाच्या दवाखान्यातून ठाऊक असेल : जालीनूस, म्हणजे गॅलन. इ. स. च्या दुसऱ्या शतकातला हा वैद्य. ‘युनानी’ या शब्दाचा अर्थच ‘ग्रीक’. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जालीनूसचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणले, म्हणून ते ज्ञान टिकले. हा जालीनूस तरुणपणी रिंगणात लढणाऱ्या योद्ध्यांवर उपचार करीत असे. मोडलेली शरीरे त्याने जवळून पाहिली होती. धंदेवाईक मल्लांच्या अतिखाण्यावर आणि अतिश्रमावर त्याने कडक टीका केली. आणि त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला, तो कशावर? लहान चेंडूच्या खेळावर! शिकारीला घोडे, कुत्री आणि जाळी लागतात. चेंडूला काही लागत नाही, गरिबालाही तो परवडतो, त्याने सगळ्या अंगाला व्यायाम होतो, नजर आणि बुद्धी दोन्ही जागी राहतात, आणि हातपाय मोडण्याची भीती कमी, असा त्याचा युक्तिवाद आहे.

पालकांनो, माझे आजचे सांगणे या चेंडूपाशी येऊन थांबते. खेळाचे दोन हेतू असतात. एक, सर्वांत पुढे जाण्याचा. तो थोड्यांसाठी असतो. दुसरा, अंग आणि मन धड ठेवण्याचा. तो सगळ्यांसाठी असतो. आपण घोटाळा करतो तो इथे. मुलगा आठवी-नववीत गेला की आपण विचारतो, ‘हा खेळून कुठे नंबर काढणार आहे?’ आणि त्याचे मैदान बंद करतो. मुलीचे तर त्याच्याही आधी बंद होते, कोणी काही न विचारता. माझ्या वर्गात पाचवीत खो-खोला सर्वांत पुढे धावणाऱ्या मुली असतात. दहावीत त्याच मुली मैदानाच्या कडेला दप्तरे सांभाळत बसलेल्या दिसतात. ऑलिंपियाच्या कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या त्या आईत आणि या मुलींत फरक तो किती? कठडा तेव्हा पंचांनी घातला होता, आज तो आपल्या घरातून येतो.

माझी मागणी फार नाही. दिवसाचा पाऊण तास. महागडे बूट नकोत, क्लब नको. एक चेंडू, एक दोरी, शाळेचे हे मैदान. मुलींसाठी वेगळी वेळ हवी असेल तर शाळेला तसे सांगा, त्यांच्याबरोबर येऊन बसायचे असेल तर अवश्य बसा. पण त्यांना आत येऊ द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना आज बक्षीस मिळाले त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाले नाही त्यांनी आडवाटेने घरी जाण्याचे कारण नाही. सरळ मुख्य रस्त्याने जा. लबाडीने जिंकण्याचा मोह कधी झालाच, तर त्या चौथऱ्यांची आठवण ठेवा. युपोलस कितवा आला याची आज कोणाला फिकीर नाही. त्याने काय केले हे मात्र २४०० वर्षांनंतरही मी तुम्हांला सांगतो आहे.